ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज: टक्के बरोबर, भाव अमेरिकेचा

वडिलांची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, विकायची ठरली तेव्हा घरात प्रत्येकाकडे आपापला आकडा तयार होता. काका तर थेट लाखांत बोलत होते, आधार एवढाच की बंदूक 'विलायती' आहे. माझी सगळी नोकरी बँकेच्या सोनेतारण खात्यात गेली. पुराव्याशिवाय सांगितलेला भाव माझ्या कानाला लागतच नाही. म्हणून अमेरिकेत ओहायोतल्या भाच्याकडून ब्लू बुक, म्हणजे बंदुकांचे भाव देणारं हे पुस्तक, मागवलं.

पुस्तक मिनियापोलिसहून निघतं, १९८१ पासून. दोन हजारांवर पानं, अक्षर बारीक, उशाला घेतलं तर मान आखडेल असं. कंपन्या अकारविल्हे लावल्यात, प्रत्येक मॉडेलखाली थोडी माहिती आणि मग टक्क्यांचे रकाने: १००, ९८, ९५, ९०, ८०, ७०, ६०. प्रत्येक रकान्यात त्या टक्क्याचा डॉलरमधला भाव.

हे टक्के म्हणजेच पुस्तकाची खरी कमाई. बंदूक किती चालते याचे ते टक्के नाहीत. कारखान्यातून निघतानाचं मूळ रूप किती उरलंय याचे आहेत. नळीवरचा निळा-काळा मुलामा, म्हणजे ब्लूइंग, दस्त्याचं पॉलिश, कोरीवकामाच्या कडा. सोबत रंगीत फोटो दिलेत, ते पाहून आपली वस्तू कुठे बसते ते ताडायचं. आणि नव्याने पॉलिश केलेली बंदूक चकाकली तरी संग्राहकाच्या लेखी उतरलेली! आपल्याकडे नेमकं उलटं. विकायच्या आधी मिस्त्रीकडून चकचकीत करून आणायची पद्धत. कृपा करून करू नका.

आमची वेब्ली अँड स्कॉट कंपनीची, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची, नळीचं माप बारा बोअर. दर खंडेनवमीला तिची पूजा व्हायची: हळदकुंकू, झेंडू, वर पाण्याचा शिंतोडा. फुलं दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच. ॲक्शनच्या, म्हणजे नळ्यांमागच्या लोखंडी यंत्रणेच्या, डाव्या अंगाला त्या ओलाव्याने बारीक खड्डे पडलेत. खंडेनवमीसाठी पुस्तकात रकाना नाही. मी ६० टक्के धरले, काकांनी ८०.

बाहेरच्या रूपावर मात्र पुस्तक जरा जास्तच भाळतं. इंग्लिश दुनळीत आतलं जास्त मोलाचं. नळ्या उजेडाकडे धरून आत खड्डे आहेत का बघावं, दस्ता धरून हलवल्यावर नळ्या आणि ॲक्शनमधला सांधा खुळखुळतो का ते पाहावं, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची की पावणेतीन ते मोजून घ्यावं. नळीच्या बुडाशी चाचणीचे ठसे असतात. मुकुटाखाली बीएनपी ही अक्षरं असतील तर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमधली, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेतली, ती चाचणी १९५४ किंवा त्यानंतरची. आमच्या नळ्या आतून स्वच्छ निघाल्या, सांधाही घट्ट. फोटोवरून हे कुणालाच कळलं नसतं.

आता भाव. डॉलरला रुपयांनी गुणून खूश होऊ नका, आमच्या काकांनी तेच केलं. तो आकडा अमेरिकेतला, तोही गिऱ्हाइकाने मोजायचा. दुकानदार आपल्याकडून घेताना त्याच्या बराच खाली येतो. आणि इथला बाजारच वेगळा. १९८०च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र मागवता येत नाही. त्यामुळे जुनं विलायती पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर लाखांत जातं, मग पुस्तकात ते कितीही मामुली असो. दुनळीचं मात्र उलटं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपत गेली, आणि आता परवाना काढणाऱ्याला कमरेला लावायचं शस्त्र हवं असतं. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच बंदुका-पिस्तुलं. त्या दोनांत दुनळीला जागा कोण देणार?

आमच्याकडे आणखी एक घाई होती. वडील गेल्यावर बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली. वारसाने ठरावीक मुदतीत परवाना काढून ती घ्यायची किंवा विकायची, नाहीतर ती सरकारजमा होऊ शकते. दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं. हे समोरच्यालाही ठाऊक असतं, आणि भाव त्याप्रमाणे पडतो. दुकानदाराने सांगितलेली रक्कम पुस्तकातल्या आकड्याच्या चौथाईलाही पोचली नाही. मी काउंटरवर पुस्तक उघडून नळ्या, सांधा, ठसे एकेक करून दाखवले तेव्हा तो थोडा वर आला. तेवढ्यात पुस्तकाचे पैसे सुटले.

घरात एकच बंदूक असेल तर हे पुस्तक विकत घेऊ नका, कुणाचं तरी मागून वाचा. सुरुवातीची प्रतवारीची पानं आणि आपल्या कंपनीचं पान पुरे. जुनी आवृत्तीही चालेल, टक्के बदलत नाहीत. आमची प्रत सध्या त्या दुकानदाराकडेच आहे. "मॅडम, त्या जर्मन पिस्तुलाचं, ल्यूगरचं, पान बघून देतो," म्हणाला होता.