एमएलफ्लो जीसी: कचरा काढणारी कमांड, डॉक वाचूनच चालवा बावा

आमच्या नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कात एआयचे मॉडेल ट्रेन करणारे पोट्टे लय झाले, पन जुने रन (ट्रेनिंगच्या एकेका फेरीच्या नोंदी) साफ कोन करत नाही, सर्व्हरची डिस्क भरून राहते अन मग बोंबाबोंब. त्यासाठी एमएलफ्लोची (मॉडेल ट्रेनिंगचा हिशोब ठेवनारं सॉफ्टवेअर) ही जीसी (गार्बेज कलेक्शन) कमांड खरंच कामाची आहे. समजून घ्यायची गोष्ट एकच, यूआयमधून (स्क्रीनवरच्या पानातून) एक्सपेरिमेंट (रनचा गट) डिलीट केला म्हंजे तो गेला नाही, नुसता डिलीटेड असा शिक्का बसतो, रिस्टोर करता येते, अन म्हनूनच त्याच नावाचा नवा बनवायला गेलं की एरर येते (लोक इथंच डोकं धरून बसतात). जीसी चालवली की मात्र डेटाबेसमधली नोंद अन आर्टिफॅक्ट (रनच्या मॉडेलसारख्या फाइली) दोन्ही कायमचे साफ, मग काही वापस येत नाही. ओल्डर दॅनचा ऑप्शन आहे, ३० दिवसांच्या आधी डिलीट केलेलेच उडव असं सांगता येते, तो लावाच. बॅकएंड स्टोअरचा (जिथं नोंदी राहतात त्या डेटाबेसचा) पत्ता नीट द्या, टेस्टचा समजून प्रॉडक्शनचा (खऱ्या चालू कामाचा) दिला तर संपलं. डॉकमधे ऑप्शनची यादी बरी आहे पन पयल्या ओळीत ‘परमनंटली डिलीट’ एवढंच साधं लिहिलंय, ‘हे वापस येनार नाही’ असं ठळक पायजे होतं, काहून की घाईत कोन पूर्न वाचते? ५ पैकी ४ स्टार.