पाथ ऑफ एग्झाइल : तज्ज्ञाचा बिल्ड उतरवून आठ महिने खेळल्यावर

हा ऑनलाइन व्हिडिओ गेम फुकट आहे, त्यामुळे माझी तक्रार पैशांची नसून वेळेची आहे. यावलला शेतावरून आल्यावर रात्री दीड तास मोकळा मिळतो, आणि तयार बिल्डच्या, म्हणजे दुसऱ्याने आखलेल्या पात्राच्या कौशल्यांच्या आणि सामानाच्या आराखड्याच्या, नादात त्यातले तीन आठवडे वाया गेले, असे मी बरेच दिवस सर्वांना सांगत होतो. ते मत आता अर्धे बदलले आहे.

मरॉडर हे पात्र घेऊन मी राइटियस फायर या जेमचा (कौशल्य देणाऱ्या खड्याचा) बिल्ड जसाच्या तसा उतरवला. या जेमची आग शत्रूबरोबर आपल्यालाही जाळते, तीही दर सेकंदाला एकूण लाइफच्या (जीवनशक्तीच्या) ९० टक्के या हिशेबाने. फायर रेझिस्टन्स (आगीपासूनचा बचाव) ७५ टक्के असेल तर त्यातले २२.५ टक्केच अंगाला लागतात, आणि माझे रीजनरेशन (दर सेकंदाला आपोआप परत भरणारी लाइफ) २५ टक्के असल्याने लाइफ भरलेलीच राहत असे. मात्र पाचव्या अ‍ॅक्टच्या (खेळातल्या भागाच्या) शेवटी कितावा या बड्या शत्रूला मारले की सर्व रेझिस्टन्स ३० ने कायमचे घटतात, याचा त्या मार्गदर्शनात उल्लेखच नव्हता. ७५ चे ४५ झाले हे ऐकायला किरकोळ वाटते, परंतु जळण्याचे प्रमाण २२.५ वरून थेट ४९.५ टक्क्यांवर गेले. सहाव्या अ‍ॅक्टच्या किनाऱ्यावर चार सेकंदांत लाइफ एकवर आली, आग आपोआप विझली आणि समोर आलेल्या पहिल्याच शत्रूने मला मारले. असे सहा वेळा झाले, आणि तिथून पुढे प्रत्येक मरणाला ५ टक्के एक्स्पीरियन्स कापला जातो.

लिहिणाऱ्याने दाखवलेली राइज ऑफ द फिनिक्स ही ढाल ६५ लेव्हलशिवाय धरताच येत नाही, आणि मी होतो ४४ वर. आमच्याकडेही केळीला ड्रिपमधून सोडायच्या खताचे वेळापत्रक एकमेकांचे पाहून ठरवतात, पण बाग निसवली आहे की रोप दोन महिन्यांचे आहे, हे आधी विचारतात.

रागाने मी स्वतःच्या मनाने एक विच (जादूगारीण) उभी केली. पॉइंट खर्चून पात्राचे गुण वाढवायच्या, तेराशेहून अधिक नोड (पर्याय) असलेल्या पॅसिव्ह ट्रीमध्ये जे चांगले दिसले ते घेत गेलो आणि आठव्या अ‍ॅक्टमध्ये पूर्ण अडकलो. चुकलेली निवड मागे घ्यायला लागणारा एक ऑर्ब ऑफ रिग्रेट एकच पॉइंट परत देतो. असे २१ ऑर्ब खर्चूनही ती सावरली नाही. मग जुना बिल्ड पुन्हा उघडला, तेव्हा त्यातला रस्ता आधी लाइफ आणि रीजनरेशनकडे का वळतो, हे पहिल्यांदा नीट कळले.

म्हणून नवख्याने ट्री आणि जेमच्या जोड्या निःसंकोच उतरवाव्यात, हे मी आता मनापासून सांगतो. पात्राच्या अंगावरच्या सामानाची मात्र नक्कल करू नये. ते आपल्या लेव्हलप्रमाणे आपणच जमवावे. दहाव्या अ‍ॅक्टनंतर रेझिस्टन्स आणखी ३० ने घटते, म्हणून या वेळी मी आधीच क्राफ्टिंग बेंचवर (सामानाला गुण जोडायच्या टेबलावर) दोन्ही अंगठ्यांना फायर रेझिस्टन्स चढवून एकूण आकडा १०५ वर नेला. कितावा दुसऱ्यांदा पडला, १०५ चे ७५ झाले आणि आग जळत राहिली.