बातमीचा सोर्स: एआयला विचारावं का पेपरच्या साइटवर शोधावं?

राजेहो, हिवाळी अधिवेशनाची बातमी ग्रुपवर टाकायची होती म्हणून दोन्ही करून पाहिलं. एआय सर्च दहा सेकंदात उत्तर देते, लिंकही देते, पण उघडली तर पानच नाही नाहीतर भलत्याच पेपरची बातमी. कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरनं (पत्रकारितेवर संशोधन करणारी संस्था) मार्च २०२५ मध्ये ८ एआय सर्च टूल्स तपासले, बातमीतला उतारा द्यायचा अन् हेडिंग, पेपर, तारीख, लिंक विचारायची, असे १६०० प्रश्न, त्यात ६० टक्क्यांहून जास्त उत्तरं चुकली, त्यातलं पर्प्लेक्सिटी हे टूल ३७ टक्के चुकलं अन् ‘ग्रोक-३’ हे टूल तर ९४ टक्के! पेपरच्या साइटवर वेळ लागते, जाहिरातीही लय, पण तारीख अन् बातमीदार समोर दिसते. विषय समजून घ्यायला एआय चालते, पण सोर्स म्हणून मी पेपरचीच लिंक टाकतो, तीबी स्वतः उघडून पाहिल्यावर.