साथीत घेतलेला पल्स ऑक्सिमीटर: इतक्या वर्षांच्या वापरानंतर

ऑगस्ट २०२० मध्ये अंबाजोगाईच्या एका मेडिकलमधून मी हा ऑक्सिमीटर घेतला. २,२०० रुपये पडले. तेव्हा तेवढेच पडायचे. मी केज तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे आणि कोरोनाच्या साथीत आम्हा शिक्षकांना सर्वेक्षणाला जुंपलं होतं, त्यामुळं हे यंत्र माझ्या एकटीच्या घरात कधी राहिलंच नाही. गावातल्या बहुतेक घरांतल्या माणसांची बोटं त्यात जाऊन आली आहेत. कंपनीचं नाव देत नाही, कारण ते मॉडेल आता दुकानात दिसत नाही. आणि मला जे सांगायचं आहे ते कुठलाही ऑक्सिमीटर घेणाऱ्याच्या कामाचं आहे.

आधी यंत्राबद्दल. रिमोटला लागतात तसले दोन बारीक सेल. बटण दाबलं की आत लाल दिवा लागतो, बोट घातल्यावर आठ-दहा सेकंदांत वरच्या ओळीत रक्तातला ऑक्सिजन किती टक्के आहे तो आकडा आणि खालच्या ओळीत नाडीचे ठोके येतात. बोट काढलं की आपोआप बंद होतं, म्हणून सेल खूप दिवस जातात. आतलं रबर मऊ आहे, काळं पडलं तरी फाटलेलं नाही. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत आले. स्प्रिंग अजून घट्ट आहे. लहान लेकरांच्या बोटाला मात्र सैल बसतं. त्यांच्यासाठी वेगळं मिळतं, ते घ्यावं.

काम कसं चालतं हे मी सातवीच्या मुलांना दाखवते, आणि त्यांना ते फार आवडतं. लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश बोटातून जातात. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्या फरकावरून आणि नाडीच्या ठोक्याबरोबर होणाऱ्या बदलावरून हिशेब निघतो. सुई नाही, रक्त काढणं नाही. ही कल्पना १९७४ च्या सुमारास ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं मांडली. ते १८ एप्रिल २०२० ला वारले. जगभर लोक त्यांच्या यंत्रात बोट घालून बसले होते, त्याच दिवसांत. हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. ऑक्सिमीटर आकडा दाखवतो. पण तो आकडा खरा मानून म्हातारीला दवाखान्यात न्यायचं की नाही, हे घरातली माणसं ठरवतात, आणि ती कुणावर विश्वास ठेवून ठरवतात हे मी त्या दोन वर्षांत फार जवळून पाहिलं.

सुरुवातीला विश्वासाची कमतरता नव्हती. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी पाच वाजता आमच्या गावात घराघरातून ताटं वाजली. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता दिवे लागले. दिल्लीतून कुणीतरी सांगितलं आणि गावानं ते केलं, इतकं सरळ होतं. पण त्याच वेळी आमच्या बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, अडकली होती. २४ मार्चला रात्री आठला घोषणा झाली आणि बारापासून देश बंद. ऊसतोडीला गेलेल्या माणसानं चार तासांत बैलं, लेकरं, संसार घेऊन कुठं जायचं होतं? १७ एप्रिलला सरकारनं त्यांना तपासणी करून घरी परतायची परवानगी दिली, तोवर गावातल्या म्हाताऱ्या रोज मला विचारायच्या, "बाई, आमच्या पोराला कवा सोडतेत?" ८ मे ला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून निघाले होते. त्या दिवसानंतर पारावरची भाषा बदलली. वरून येणारा शब्द लोक ऐकत राहिले, पण आता ऐकून गप्प बसायचे.

परतलेल्या आमच्या माणसांना शाळेतच ठेवलं. गावाच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. ज्या वर्गात मी पाढे घेते त्याच वर्गात माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप सतरंजीवर बसून होते आणि लेकरं कुंपणाबाहेरून त्यांना हाका मारत होती. तपासायला काय, तर कपाळाला लावायची तापाची गन. उन्हातून आलेल्या प्रत्येकाला ती ताप दाखवायची.

१५ सप्टेंबर २०२० ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन बघायचा, मधुमेह-रक्तदाब विचारायचा, नोंद करायची. माझ्याबरोबर आमच्या आशाताई होत्या. तिला मिळालेलं यंत्र आणि माझं हे, अशी दोन यंत्रं घेऊन आम्ही निघालो, आणि पहिल्याच गल्लीत दारं बंद. "तपासलं की नेतेत, अन् नेलेला माणूस पलास्टिकात येतो." एका पेशंटमागं दीड लाख मिळतात, ही अफवा तर प्रत्येक मोबाइलवर होती. आशाताई त्याच गावची सून, तिच्या हातनं बायांची बाळंतपणं पार पडलेली, तरी तिलासुद्धा बाया दारातूनच परत पाठवायला लागल्या.

तेव्हा आमच्या सरपंचांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ते मारुतीच्या पाराशी आले, चारचौघांत बोट पुढं केलं आणि म्हणाले, "आधी माझं बघा, मोठ्यानं वाचा." ९७. मग ते घरी गेले आणि आपल्या आईला धरून घेऊन आले. म्हातारी पाराच्या कडेला बसून पोरांशी बोलत होती, दम लागल्याचं काही चिन्ह नाही. तिचं आलं ९१. दुसऱ्या यंत्रावर बघितलं, दुसऱ्या बोटाला बघितलं, ९० आणि ९१. सगळं गाव बघत होतं. सरपंच दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी काढा." म्हातारीला अंबाजोगाईला नेलं, ऑक्सिजनवर ठेवलं, आणि ती चालत घरी आली. ती परत आली त्या दिवसापासून आम्हाला कुणाच्या दाराची कडी वाजवावी लागली नाही. बाया स्वतः बोट पुढं करून यायच्या.

श्वास नीट चालू आहे असं वाटतं आणि रक्तातला ऑक्सिजन मात्र उतरलेला असतो, हे या आजाराचं सगळ्यात दगाबाज लक्षण होतं. डोळ्यांनी ते दिसत नाही. म्हणून या एवढ्याशा यंत्राची किंमत मला त्याच्या छापील किमतीपेक्षा फार जास्त वाटते.

आता त्याच्या मर्यादा, कारण त्या मी गावातल्या हातांवर शिकले. ऊस तोडून तोडून ज्यांच्या बोटांची कातडी जाड झाली आहे, भेगा पडल्या आहेत, त्यांचा आकडा लवकर येत नाही किंवा कमी येतो. अशा वेळी करंगळीजवळचं बोट बघायचं, हात चोळून गरम करायचा, मिनिटभर थांबायचं. थंडीत पहाटे घेतलेला आकडा तर धरायचाच नाही. नेलपेंट पुसायचं. लग्नसराईत गडद मेंदीच्या हातांनीही घोळ केला. हात हलता कामा नये. आणि बिडी ओढून आलेल्या माणसाला यंत्र फसतं, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि आकडा चांगला दिसतो. गडद त्वचेवर ही यंत्रं ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतात, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये मोजून छापलं होतं. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या लोकांच्या बाबतीत म्हणूनच एका आकड्यावर निश्चिंत होऊ नये. सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहावेत आणि उतरण दिसते का ते बघावं. सहा मिनिटं चालण्याची चाचणी आम्ही सगळ्यांना शिकवली होती: आधी बघा, घरातल्या घरात सहा मिनिटं चाला, साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं, परत बघा. ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला तर दवाखाना.

दुसरी लाट आली तेव्हा हेच यंत्र मिळेना. मिळालं तर भाव दीडपट, बिल नाही. त्याच दिवसांत आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं ऑक्सिमीटर वाटले. खोक्यावर त्यांचा मोठा फोटो. गावानं आनंदानं घेतले. दोन दिवसांत एक दहावीचा मुलगा माझ्याकडं पळत आला. "बाई, हे पेनालाबी ९८ दाखवतंय!" खरंच दाखवत होतं. मग पारावर माझं यंत्र आणलं, त्यात पेन घातलं; नुसत्या रेघा आल्या, आकडा आला नाही. पण तोवर नुकसान झालं होतं. लोक म्हणायला लागले की सगळीच खोटी आहेत, आशाताईचंही खोटं आहे. एका घरात तर म्हाताऱ्याचा खरा ८८ कुणी मानला नाही. त्याला न्यायला उशीर झाला. तो गेला. त्या फोटोवाल्या खोक्यांबद्दल मला आजही राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

त्या एप्रिल २०२१ मध्ये लोकांचा विश्वास कसा विरला ते इथं राहिलेल्यालाच कळेल. त्याआधी जालन्याचे राजेश टोपे आरोग्यमंत्री म्हणून रुग्ण किती, मृत्यू किती हे सांगायचे आणि लोक मोबाइलभोवती जमून ऐकायचे. आकडे वाईट असायचे, पण सांगतायत याचा आधार होता. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुकवर घरातल्या माणसासारखे बोलायचे, तेही बायकांना आवडायचं. पण मग तालुक्याचा आकडा आणि गावात उठणाऱ्या तिरड्या यांचा मेळ बसेना. अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह नेल्याची बातमी आली. लग्नाला २५ माणसं आणि दोन तास असा नियम असताना एका मोठ्या घरचं लग्न मांडव घालून झालं, आणि आमच्या गल्लीतल्या एका बापाला लेकीच्या लग्नात दंड भरावा लागला. नियम चांगला होता, मी स्वतः लोकांना तो पाळायला सांगत होते. पण त्या मांडवानंतर माझ्या सांगण्याला कुणी भीक घालेना. लसीच्या वेळी आम्हाला ते सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं: आधी सरपंच, आधी आशाताई, आधी मी, चारचौघांत दंड पुढं करून.

मी पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो थंड आणि राबलेल्या हातांसाठी. साथ सरली तरी यंत्र कामात आहे: दम्याच्या म्हाताऱ्या, छातीत कफ झालेली मोठी माणसं, शेतात फवारणी करून घाबरलेले गडी. फवारणीच्या बाबतीत मात्र आकडा चांगला आला तरी दवाखान्यात पाठवतेच, त्यात हे यंत्र पुरं पडत नाही.

घ्यायचा असेल तर आज चांगला ऑक्सिमीटर हजाराच्या आत मिळतो. जुलै २०२१ मध्ये सरकारनं यावरच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, त्यानंतर भाव खाली आले. दुकानातच सेल घालून बघा. स्वतःचं बोट, दुकानदाराचं बोट, बरोबर आलेल्याचं बोट. सगळ्यांना अगदी एकच आकडा येत असेल तर ठेवून द्या. पेन घालून बघा. नाडीचा आकडा मनगटावर बोटं ठेवून घड्याळाशी जुळवा, तो चुकत असेल तर वरचाही धरू नका. बिल घ्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲप उतरवून घेऊ नका.

ग्रामपंचायतीला सांगून घेणार असाल तर दोन घ्या, म्हणजे एक दुसऱ्यावर पडताळता येतो. आमच्या ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून तसे घेतले. एक आशाताईकडं असतो, एक शाळेच्या कपाटात. खोक्यावर कुणाचाही फोटो नाही.