स्लॅशमध्ये ब्रशलेस बसवताय? केव्ही कमी घ्या, जोर जास्त मिळेल

ट्रॅक्सस स्लॅश या रिमोटवर चालणाऱ्या ट्रकची टू-व्हील ड्राइव्ह ब्रश आवृत्ती कारखान्यातून येते ती १२ टर्नची टायटन ५५० ब्रश मोटर आणि एक्सएल-५ ईएससी (मोटरचा वेग ताब्यात ठेवणारं सर्किट) घेऊन. सुरुवातीला छान पळते. मग कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडतो, ब्रश झिजतात, गाडी मरगळते. मोटर बदलायचीच आहे तर ब्रशलेसच घेऊ, हा विचार अगदी बरोबर आहे. चूक होते ती पुढे. खरेदी करताना नजर केव्हीच्या आकड्यावर जाते आणि मोठा आकडा म्हणजे भारी मोटर असं धरलं जातं. बजेट कमी असेल तर हीच समजूत सगळ्यात महागात पडते.

शिफारस आधीच सांगून टाकतो: हॉबीविंगचा ईझीरन मॅक्स१० कॉम्बो, म्हणजे ६० अँपिअरची ईएससी आणि सोबत ३६५२ आकाराची ३३०० केव्हीची सेन्सरलेस (रोटरची जागा सांगणारा सेन्सर नसलेली) मोटर. हाच कॉम्बो ४००० आणि ५४०० केव्हीच्या मोटरसोबतही येतो. ४००० केव्ही फक्त टू-एसवर (दोन सेलच्या बॅटरीवर) चालवणार असाल तर एक वेळ चालेल. ५४०० हलक्या ऑन-रोड गाडीसाठी ठीक आहे, या ट्रकसाठी अजिबात घेऊ नका.

केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. मोटरवर काही भार नसताना एका व्होल्टला ती मिनिटाला किती फेरे घेते, तो हा आकडा. ३३०० केव्हीला टू-एस लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचे ७.४ व्होल्ट दिले की २४,४२० फेरे होतात. स्लॅशमध्ये १९ दातांचा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर) आणि ८६ दातांचा स्पर (त्याने फिरणारा मोठा गिअर) असतो, आणि गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर २.७२ आहे. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटर सुमारे १२.३ वेळा फिरते. टायरचा व्यास साधारण १०९ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी ३४ सेंटिमीटर पुढे जाते. हिशोब केला तर टू-एसवर ताशी ४० किलोमीटर येतात आणि थ्री-एसवर, म्हणजे तीन सेलवर, ६१. हे कागदावरचे आकडे. माती, वारा आणि व्होल्टेजची घसरण धरून प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळणार. तरीही मैदानात हाकायला हा वेग भरपूर आहे.

आता ५४०० केव्हीचं बघू. त्याच गिअरवर टू-एसलाच कागदावर ६६ किलोमीटर दिसतात, म्हणून मोह होतो. पण केव्ही वाढला की दर अँपिअरमागे मिळणारा टॉर्क त्याच प्रमाणात कमी होतो. ३३०० केव्हीची मोटर जो ओढा देते तोच ५४०० कडून हवा असेल तर १.६४ पट करंट लागतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे बॅटरीच्या वायरी, कनेक्टर आणि ईएससी यांत अडीच पटींहून जास्त उष्णता. वर गाडी जास्त वेगात नेण्यासाठी लागणारी जादा ताकद आहेच. गवतात चार मिनिटं चालवली की ईएससी तापून बंद पडते आणि दोष दिला जातो ईएससीला. पिनियन लहान करून हे सावरता येतं, पण मग वाढीव केव्हीचा वेग गमावून बसता. त्यापेक्षा कमी केव्ही घ्या, आणि वेग हवा त्या दिवशी बॅटरीत एक सेल वाढवा. जास्त व्होल्ट आणि कमी करंट, हे सूत्र स्वस्तातल्या सेटअपला फार मानवतं.

३६५२ म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास आणि ५२ मिलिमीटर लांबी. टायटन ५५० हिच्यापेक्षा लांब आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न येत नाही. शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा, म्हणजे जुना ४८ पिचचा (पिच म्हणजे दातांचं माप) पिनियन तसाच चढतो. माउंटची भोकं २५ मिलिमीटर अंतरावर, स्क्रू एम-३. स्क्रू नको तितका लांब घेऊ नका; आत शिरून तो वाइंडिंगला टेकला की मोटर पहिल्याच दिवशी संपते. हाताने पूर्ण बसवून बघा, अडला तर वॉशर घाला.

बाजारात याहून स्वस्त कॉम्बो ढिगाने आहेत: ३६५० मोटर, ३९०० किंवा ४३०० केव्ही, ‘६०ए’ लिहिलेली ईएससी, आणि दर दुकानात वेगळा स्टिकर. सगळे टाकाऊ नसतात. हलक्या बग्गीत, फक्त टू-एसवर, ते बरे चालतात. पण त्यांच्याकडे बघण्याची एक पद्धत आहे. ईएससीवरच्या ६० या आकड्याला काही अर्थ आहे का, हे तिच्या बॅटरीच्या वायरी सांगतात. त्या १४ गेजहून बारीक असतील तर तो आकडा विसरा. बाहेर कपॅसिटर आहे का बघा. तो नसेल तर जोरात ब्रेक लावल्यावर किंवा अचानक थ्रॉटल दिल्यावर येणारे व्होल्टेजचे झटके थेट मॉसफेटवर, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या भागांवर, जातात. मोटरचा शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवा. जाणवण्याइतका खेळ असेल तर बेअरिंग आधीच सैल आहे. आणि बीईसी लिनियर आहे की स्विचिंग, हे विचारूनच घ्या.

बीईसीचा मुद्दा सहसा कोणी विचारत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. रिसीव्हर आणि सर्व्होला सहा व्होल्ट देण्याचं काम ईएससीतला हा भाग करतो. लिनियर बीईसी उरलेला व्होल्टेज उष्णता करून फेकून देते. थ्री-एसचे ११.१ व्होल्ट आत येतात, ६ बाहेर जातात. सर्व्हो एक अँपिअर ओढत असेल तर पाच वॉट निव्वळ उष्णतेत. सर्व्हो अडला की करंट आणखी वाढतो, व्होल्टेज पडतो आणि रिसीव्हर क्षणभर मरून पुन्हा सुरू होतो. चालवणाऱ्याला वाटतं रेंज गेली. चाक जोरात वळवतानाच गाडी बेभान होत असेल तर रिमोट बदलू नका, बीईसी तपासा. मॅक्स१० मध्ये स्विचिंग बीईसी आहे, ती असा व्होल्टेज उष्णतेत फारसा घालवत नाही, आणि किमतीतला फरक मला तरी इथेच वसूल झालेला दिसतो.

ट्रॅक्ससचीच व्हेलिनिऑन ३५०० मोटर आणि व्हीएक्सएल-३एस ईएससी हाही पर्याय आहे. सोल्डरिंग करायचं नसेल, प्लग लावून मोकळं व्हायचं असेल, तर तो उत्तम. पण बजेटच्या चौकटीत तो बसत नाही.

बसवताना पहिला अडसर येतो कनेक्टरचा. ट्रॅक्ससच्या बॅटरीला त्यांचा स्वतःचा प्लग असतो, ईएससीला दुसराच. अडॅप्टर लावत बसू नका. प्रत्येक जोड म्हणजे थोडा रोध आणि सैल होण्याची एक जागा. सगळं एक्सटी-६० कनेक्टरवर आणा. ६० वॉटचा सोल्डर गन, चांगला फ्लक्स. आधी वायरीच्या टोकाला आणि कनेक्टरच्या कपाला वेगवेगळं टिन चढवा, मग दोन्ही एकत्र वितळवा. जोड थंड झाल्यावर चकचकीत आणि गुळगुळीत दिसायला हवा; राखाडी, दाणेदार दिसला तर तो कच्चा आहे, परत गरम करा. बॅटरीच्या बाजूचा प्लग बदलताना दोन्ही वायरी एकाच वेळी कधीही कापू नका. एक कापा, सोल्डर करा, इन्सुलेशनची नळी चढवा, मगच दुसरीला हात लावा. कात्रीच्या पात्यावर दोन्ही वायरी टेकल्या की लायपो शॉर्ट होते.

पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसवा आणि त्याला निळं थ्रेडलॉक एक थेंब लावा. गोल भागावर घट्ट केलेला पिनियन ब्रशलेसच्या टॉर्कपुढे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत फिरतो, शाफ्टवर चरे पडतात आणि नंतर तो निघतही नाही. मेश (दोन गिअरचे दात एकमेकांत बसणं) लावायला वहीच्या कागदाची एक पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये ठेवा, मोटर दाबून धरा, स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर घड्यांची एकसारखी नक्षी उमटायला हवी. फाटली तर मेश घट्ट, नुसत्या पुसट खुणा दिसल्या तर सैल. स्पर पूर्ण एक फेरी फिरवून चार ठिकाणी तपासा, कारण प्लास्टिकचे स्पर क्वचितच अगदी गोल असतात. घट्ट मेशने मोटर तापते, सैल मेशने स्परचे दात सोलून निघतात.

मोटरच्या तीन वायरी कशाही जोडा. उलटी फिरली तर कुठल्याही दोन अदलाबदल करा. ही मुभा सेन्सरलेसला आहे, सेन्सर असलेल्या मोटरला नाही. ईएससीचा प्लग रिसीव्हरच्या दुसऱ्या चॅनलमध्ये जातो. मग कॅलिब्रेशन, आणि ते चाकं जमिनीवरून उचलूनच करा: रिमोट सुरू, सेट बटण दाबून धरून ईएससी सुरू करा, लाल दिवा लुकलुकला की सोडा. थ्रॉटल मधोमध ठेवून सेट दाबा, पूर्ण पुढे ओढून सेट दाबा, पूर्ण ब्रेकवर नेऊन सेट दाबा. हिरवा दिवा अनुक्रमे एकदा, दोनदा, तीनदा लुकलुकतो. हे न करताच गाडी पळवली की पूर्ण थ्रॉटल मिळत नाही किंवा ब्रेक लागत नाही, आणि मग मोटरमध्ये दोष शोधत बसावं लागतं.

सेटिंगमध्ये बॅटरी प्रकार लायपो आहे ना, एवढं आधी बघा. कट-ऑफ (बॅटरी किती उतरली की ईएससी थांबते ती मर्यादा) मध्यम ठेवा. पंच (निघतानाचा झटका) हलका ठेवून सुरुवात करा. टू-व्हील ड्राइव्ह गाडीत जास्त पंच दिला की मागची चाकं नुसती माती उडवतात, नाहीतर गाडी पाठीवर उताणी होते. स्लिपर क्लचचं नट स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळा आणि मग अर्धा ते पाऊण फेरा सोडा. मूळ गिअरबॉक्सला ब्रश मोटरचा जोर माहीत आहे, ब्रशलेसचा नाही. दात वाचवायचं काम हा क्लचच करतो. निघताना पहिल्या फूटभरात क्लच हलकेच घसरल्याचा आवाज यायला हवा.

थ्री-एस लावायचं ठरवलं तर १९ चा पिनियन काढून १६ चा घाला. गुणोत्तर १४.६ होतं आणि कागदावरचा वेग ताशी ५१ किलोमीटर. दिसायला कमी, पण मोटर आणि ईएससी दोघी सुखात राहतात. पहिल्या दिवशी पाच मिनिटं चालवून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरच्या मागच्या बाजूचं तापमान बघा. ७० अंशांपर्यंत ठीक. ८० च्या पुढे गेलं तर एक-दोन दात कमी करा. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादाच ८० च्या आसपास असते. ती ओलांडली की चुंबकत्व कायमचं घटतं, मोटर जास्त करंट ओढते, आणखी तापते. विदर्भात मे महिन्यात हवाच ४२ अंशांवर असते. पुण्यात डिसेंबरमध्ये २५ अंशांना जी मोटर ४५ अंश वर चढून ७० वर थांबते, तीच तिथे ८७ वर जाईल. त्यामुळे उन्हाळ्याचा पिनियन वेगळा ठेवा आणि मोटरवर पंख्याचा हीटसिंक लावा.

बॅटरी टू-एस, ५००० एमएएच, हार्डकेस घ्या. सीचा (बॅटरी किती करंट देऊ शकते त्याचा) आकडा लेबलवर भरमसाट असतो. ५० सी म्हणजे कागदावर २५० अँपिअर, या गाडीला त्याच्या आसपासही लागत नाही. सरासरी २० अँपिअर धरले तर पंधरा मिनिटं चालते. चालवून झाल्यावर सेलमागे ३.८ व्होल्टला ठेवा, पूर्ण भरून कपाटात टाकू नका.

एक उणीव मात्र आहे. सेन्सरलेस असल्याने अगदी हळू निघताना मोटर अडखळते. मैदानात पळवायला त्याने काही बिघडत नाही, पण दगडांवरून इंच इंच चढवायची गाडी असेल तर हा कॉम्बो घेऊ नका, सेन्सर असलेली जोडी घ्या. आणि गाडी फोर-बाय-फोर असेल तर ६० अँपिअरवर काटकसर करू नका. तिथे मॅक्स१० एससीटी, १२० अँपिअरची ईएससी आणि ३६६० आकाराची ३२०० केव्हीची मोटर लागते. तिचा शाफ्ट ५ मिलिमीटरचा आहे, म्हणजे पिनियनही नवा घ्यावा लागेल. तो धरूनच बजेट आखा.

पावसाळ्यात ईएससी पाण्याला दाद देत नाही, तिच्यावरचा पंखा देतो. पाण्यातून न्यायची असेल तर पंखा काढून ठेवा. कोकणातली तांबडी माती मोटरच्या पुढच्या बेअरिंगमध्ये पिठासारखी जाऊन बसते. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, हवेने वाळवा आणि दोन्ही बेअरिंगवर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा. शाफ्ट बोटाने फिरवताना खरखर जाणवली की बेअरिंग लगेच बदला, कारण सैल झालेला रोटर एकदा स्टेटरला घासला की नवी मोटरच घ्यावी लागते.