घरगुती आयपीएल मशीन, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: पाय खूश, काखा नाराज

आयपीएल म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट, प्रकाशाच्या फ्लॅशने नको असलेले केस कमी करणारं मशीन. फ्लॅश किती, पातळ्या किती, चेहऱ्यासाठी वेगळी खिडकी (प्रकाश बाहेर पडतो ते टोक) मिळते का, हे सगळं खोक्यावर ठळक छापलेलं असतं आणि हे वाचणाऱ्यांनी ते कधीच पाहून ठेवलं असणार. म्हणून थेट मुद्द्यावर येते. माझं मशीन काखेत चालत नाही. पोटरीवर चालतं, हातावर चालतं. काखेत टेकवलं की लाल दिवा लुकलुकत राहतो आणि बटण दाबून अंगठा दुखला तरी फ्लॅश पडत नाही. आणि मी ते घेतलं होतं मुख्यतः काखांसाठीच.

मशीन बिघडलंय अशी खात्री करून ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडच्या बाई गोड होत्या. ‘मॅडम, त्वचा कोरडी करून बघा.’ केली. ‘खिडकी मऊ कापडाने पुसा.’ पुसली. ‘पूर्ण चार्ज करून परत ट्राय करा.’ आता हे मशीन वायरीवर चालतं, त्यात बॅटरीच नाही! हे ऐकवल्यावर दोन सेकंद शांतता, आणि मग एकदाचा तक्रार क्रमांक मिळाला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मशीन हातात घेतलं, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलं, झक्कन फ्लॅश पडला. ‘ओके आहे मॅडम.’ मी म्हटलं, अहो, मनगटावर माझ्याही पडतो, काखेत पडत नाही. तो म्हणाला, ‘तिथे स्किन डार्क असेल. सेन्सर आहे ना, तो मारूच देत नाही.’ हे खोक्यावर कुठे लिहिलंय, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘आतल्या पुस्तिकेत आहे.’ पावतीवर ‘नो फॉल्ट फाउंड’ असं लिहून मशीन माझ्या हातात परत.

पुस्तिकेत खरंच आहे. त्वचेच्या रंगांचे सहा चौकोन, शेवटच्यावर फुली, त्याच्या आधीच्यावर ‘काळजीपूर्वक’. खाली केसांच्या रंगांची तशीच पट्टी. पण ही पुस्तिका सीलबंद खोक्याच्या आत, आणि सील फोडलं की शारीरिक स्वच्छतेच्या कारणाने माल परत घेत नाहीत. म्हणजे वस्तू आपल्याला चालेल की नाही हे कळायची एकमेव जागा अशी, की ती उघडल्यावर कळून उपयोग नाही. बाहेर काय छापलंय, तर एक गुळगुळीत पाय आणि ‘केसांपासून कायमची सुटका’. माझी खरी तक्रार आहे ती ही. बाकी पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा, कारण मी तरी विसरणार नाहीये.

सेन्सरबद्दलचं मत मात्र मला बदलावं लागलं.

ही मशिनं लेझर नव्हेत. लेझरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो. आयपीएलमध्ये झेनॉनचा दिवा असतो आणि तो साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश फेकतो, त्यातला खालचा भाग फिल्टरने कापलेला. दोन्हींमागचं तत्त्व मात्र एकच, आणि ते रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी १९८३ साली मांडलं. त्वचेतल्या एखाद्या रंगद्रव्याला मानवेल असा प्रकाश निवडायचा आणि तो इतका थोडा वेळ द्यायचा की उष्णता शेजारी पसरायच्या आत नेमकी तीच गोष्ट तापावी. केसांच्या बाबतीत ते रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. काळा केस प्रकाश पितो, तापतो, ती उष्णता मुळापाशी आणि थोड्या वर असलेल्या मूळपेशींपर्यंत पोहोचते आणि तो केस पुन्हा उगवणं अवघड होतं.

गोची अशी की मेलॅनिन केसात असतं तसं वरच्या त्वचेतही असतं. प्रकाशाला केस आणि कातडी यातला फरक कळत नाही. त्वचा गोरी आणि केस काळे असतील तर प्रकाश निमूट खाली उतरून केसाला गाठतो. त्वचा सावळी असेल तर वाटेतच त्वचा तो पिऊन टाकते. मग केस शाबूत राहतो आणि कातडी भाजते, फोड येतो, नाहीतर महिनोन्‌महिने न जाणारा काळा किंवा पांढरा डाग पडतो. घासून, वॅक्स करून, रेझर फिरवून, डिओडरंट मारून बहुतेकींच्या काखा बाकी अंगापेक्षा काळवंडलेल्या असतात. माझा हात गव्हाळ, काख त्याहून दोन छटा गडद. सेन्सर त्वचेवरून परत येणारा प्रकाश मोजतो आणि कमी आला तर फ्लॅश रोखतो. माझ्या काखेत त्याने जे केलं ते बरोबर केलं.

तरीही पहिले काही आठवडे मी त्याच्याशी भांडले. गुडघ्यावर हा प्रकार मस्त दिसतो. पोटरीवरून वर सरकत या, पांढरा दिवा, फ्लॅश, पांढरा दिवा, फ्लॅश, आणि गुडघ्याच्या वाटीवर, जिथे बसून बसून कातडी जाड आणि काळपट झालेली असते, तिथे लाल. बोटभर बाजूला सरकवा, परत पांढरा. लहानपणी पडून झालेल्या व्रणावर लाल. तिळावर लाल, आणि तिळावर तसाही मारायचा नसतो. मी पांढरी आयलायनर पेन्सिल घेऊन तीळ झाकून ठेवते, म्हणजे नजर चुकत नाही. टॅटू असेल तर तिथून लांबच राहा, शाईही प्रकाश पिते.

माझ्या बहिणीने तोडगा सुचवला होता, सेन्सरवर पांढरी चिकटपट्टी लाव. हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल. लावू नका. त्या मुलाने ‘मारूच देत नाही’ म्हटलं तेव्हा मला ती मशीनची मुजोरी वाटली होती, पण तो दिवा नसता तर मी काखेत सर्वात वरची पातळी लावून मोकळी झाले असते.

आता पाय. इथे मात्र मी मनापासून खूश आहे, आणि मला तशी अपेक्षा नव्हती.

आदल्या रात्री रेझर, वॅक्स नाही. वॅक्सने, चिमट्याने किंवा एपिलेटरने केस मुळासकट उपटला तर तापायला खाली काही उरतच नाही, म्हणून साधारण महिनाभर आधीपासून उपटणं बंद. रेझर चालतो, कारण तो वरचा केस कापतो आणि खालचा तसाच ठेवतो. उलट केस न कापता फ्लॅश मारला तर वरचा केस जळतो, वास सुटतो आणि चटका कातडीला बसतो. कातडी कोरडी, क्रीम-तेल काही नाही, खिडकी पूर्ण टेकलेली. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही आणि मी पुस्तिकेवर आणखी चिडले. मग आंघोळीनंतर पाय पुसताना टॉवेलवर काळे ठिपके दिसायला लागले, कुटलेल्या मिऱ्यासारखे. ते मेलेल्या केसांचे खुंट. फ्लॅशनंतर एक ते तीन आठवड्यांत ते आपोआप वर सरकून गळतात. बऱ्याच जणी त्यांना नवे उगवलेले केस समजून मशीनला शिव्या घालतात. नखाने कोरून काढू नका, येतात आपापले.

एका फटक्यात सगळे केस जात नाहीत, कारण सगळे एका वेळी वाढत नसतात. वाढीच्या टप्प्यातला केस मुळाशी घट्ट जोडलेला असतो आणि त्यात रंगही भरपूर असतो, त्यालाच प्रकाश लागू पडतो. विश्रांतीत असलेला केस या वेळेला सुटतो, पुढच्या वेळेला सापडतो. म्हणून घरगुती मशीनवर सुरुवातीला आठवड्या-दोन आठवड्यांनी आणि क्लिनिकमध्ये साधारण चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने परत परत करावं लागतं. मध्येच कंटाळलात तर वाया.

माझ्या पोटऱ्यांवर आता पूर्वीच्या मानाने अगदी तुरळक केस आहेत आणि आहेत तेही मऊ. मांड्यांवर फरक कमी, तिथले केस मुळातच बारीक आणि फिकट होते. हातांवर मध्यम. पण ‘कायमची सुटका’? उन्हात फिरण्याचे दिवस आले म्हणून मी मध्ये बराच काळ थांबले होते. टॅन झालेल्या त्वचेवर हे करायचं नसतं, सेन्सर तसाही अडवतो. तेवढ्या काळात घोट्यापाशी केस हळूहळू परतले. परत सुरू केल्यावर लवकर आटोक्यात आले, आता अधूनमधून एक फेरी मारते. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने १९९५ साली केस काढणाऱ्या पहिल्या लेझरला परवानगी दिली आणि पुढे जो दावा मान्य केला तो ‘कायमस्वरूपी घट’ असा आहे, म्हणजे उपचारांचा क्रम पूर्ण झाल्यावर परत उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणं. सगळे केस जातील असं त्यात कुठेही नाही. हे क्लिनिकच्या मशीनबद्दल. घरगुती मशीनची ऊर्जा त्याच्या कितीतरी कमी ठेवलेली असते, कारण ते कोणाच्याही हातात जाणार असतं. खोक्यावरचं वाक्य कोणी लिहिलं ते मला भेटायला हवंय.

आणि खोक्यावर मिरवलेले ते तीन लाख फ्लॅश! दोन्ही पायांना मला प्रत्येक वेळी काही शेच फ्लॅश लागतात. दर आठवड्याला न चुकता केलं तरी हा आकडा संपायला वर्षानुवर्षं जातील, तोवर मशीनची वायर झिजून तुटेल. पाच लाखवालं जास्त महाग असतं म्हणून ते चांगलं, असं समजून वरचे पैसे देऊ नका. विचारायचंच असेल तर खिडकी किती मोठी, लागोपाठ किती वेगाने फ्लॅश पडतो आणि पंख्याचा आवाज किती, हे विचारा. माझ्याचा पंखा असा घोंघावतो की बाजूचा टीव्ही ऐकू येत नाही.

काखांसाठी शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. मशीनवर एवढा खर्च करून परत तिकडे खर्च, हे मनाला लागलं, अजून लागतंय. डॉक्टरांनी आधी औषधं विचारली, कारण डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्यांनी त्वचा प्रकाशाला जास्त हळवी होते. मग एका छोट्या जागी चाचणी घेऊन काही दिवस थांबवलं. तरंगलांबी जितकी लांब तितका प्रकाश खोल जातो आणि वरच्या त्वचेतलं मेलॅनिन तो कमी पितं. त्यामुळे क्लिनिकमधल्या लेझरच्या प्रकारांपैकी ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट उजळ त्वचेसाठी, ८०० ते ८१० च्या आसपासचं डायोड मधलं, आणि १०६४ चं एनडी-याग सावळ्या आणि काळ्या त्वचेला सगळ्यात सुरक्षित. माझ्या काखेत एनडी-याग वापरलं. डायोडपेक्षा ते जास्त दुखतं असं आधीच सांगितलं होतं आणि ते खरं निघालं. गार केलेलं टोक त्वचेवर दाबून धरलेलं असूनही प्रत्येक ठोक्याला खांदा आपोआप आवळत होता. नंतर केसांच्या मुळाशी बारीक लाल फुगवटे आले. मी घाबरले, डॉक्टर खूश. नेमकं तेच दिसायला हवं होतं म्हणे, काही तासांत बसतात आणि बसलेही.

तिथल्या काही बैठकांत काखेत जेवढा फरक पडला तेवढा घरच्या मशीनने पायांवर पडायला कितीतरी जास्त वेळ लागला होता. काखेचे केस जाड आणि काळे, त्यांना प्रकाश पटकन लागू पडतो, हेही त्यामागचं कारण. म्हणजे ज्या जागेला हे तंत्र सगळ्यात चांगलं लागू पडतं, नेमकी तीच जागा माझ्या घरच्या मशीनला वर्ज्य.

चेहऱ्यावर मी हे मशीन वापरत नाही, छोटी खिडकी सोबत आली असली तरी. गालावर, जबड्याखाली, मानेवर बारीक लव असते तिथे प्रकाशाने केस कमी व्हायच्या ऐवजी दाट आणि जाड झाल्याची उदाहरणं डॉक्टरांना दिसतात, विशेषतः सावळ्या त्वचेच्या आणि पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार) असलेल्या बायकांमध्ये. हनुवटीवर अचानक राठ केस यायला लागले असतील तर मशीन घ्यायच्या आधी हार्मोन तपासा. आतून नवे केस तयार होत राहिले तर बाहेरून कितीही फ्लॅश मारा. डोळ्यांच्या खोबणीच्या आत, भुवयांना वगैरे, हे कधीच नाही. गरोदरपणातही नाही.

कोणी घ्यावं, तर ज्यांची त्वचा उजळ ते गव्हाळ, केस काळे आणि पाय-हात एवढंच उद्दिष्ट, त्यांनी खुशाल. घेण्याआधी ती सहा चौकोनांची पट्टी कंपनीच्या संकेतस्थळावरून मिळवा आणि दिवसाच्या उजेडात, हाताला नाही तर जिथे वापरायचंय तिथे लावून बघा. दुकानात नमुन्याचं मशीन उघडं ठेवलेलं असेल तर टेकवून सेन्सरचा दिवा कोणता लागतो ते पाहता येतं.

आईने विचारलं होतं, माझ्या हनुवटीवरचे चार केस घालव ना याने. ते पांढरे आहेत. त्यांत मेलॅनिनच नाही, प्रकाश त्यांना ओळखतच नाही, लेझर असो की आयपीएल. पांढऱ्या केसाला आजही इलेक्ट्रॉलिसिसच, एकेका मुळात बारीक सुई घालून वीज सोडायची, चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १८७५ साली पापण्यांच्या आत वळलेल्या केसांसाठी शोधलेली पद्धत. हे सगळं आईला समजावलं. सुई म्हटल्यावर तिने चिमटा मागितला.