जोडून आलेली सुट्टी: अलिबाग की मालवण?

हातात दोन रात्री असतील तर अलिबाग, तीन असतील तर मालवण. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बहुतेकांना एवढं उत्तर पुरतं. पण सुट्टी कोणत्या महिन्यात आहे, त्या दिवशी तिथी कोणती आहे आणि तुम्ही गाडीने जाणार की रेल्वेने, या तीन गोष्टींवर ते उलटंही होऊ शकतं.

दोन्ही गावं मराठी आरमाराची, दोन्हींसमोर समुद्रात किल्ला. फरक असा, की अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं आणि मालवणच्या सिंधुदुर्गावर होडीशिवाय जाता येत नाही. पुढचं पुष्कळसं नियोजन या एका फरकाभोवती फिरतं.

आधी महिना बघा

१५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली की सगळे कोकणाकडे निघतात आणि नेमकी तिथेच फसगत होते. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, मुरूडच्या जंजिऱ्याच्याही. स्कूबा, डॉल्फिन फेऱ्या, देवबागची बोटिंग, सगळंच बंद. मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किनाऱ्यावरून पाहून परत यायचं असेल तर एवढा प्रवास कशाला? जून-जुलैत मासेमारीही बंद असते, त्यामुळे ज्या ताज्या माशासाठी जायचं तोही तेव्हा मिळत नाही.

पावसाळ्यात अलिबागची स्थिती जरा बरी. गेटवे ते अलिबागजवळचं मांडवा बंदर अशा जाणाऱ्या कॅटामरान, म्हणजे प्रवासी बोटी, बंद असतात, पण भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, हवामान ठीक असेल तर चालू राहते. मात्र कुलाबा किल्ल्याची वाट पावसाळ्यात भरवशाची नसते. लाटा मोठ्या असल्या की ओहोटीलाही पाणी पुरतं हटत नाही. किनाऱ्यावरच्या माणसांनी ‘आज नको’ म्हटलं तर ते ऐकावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे उत्तम. मालवणसाठी या काळात एक सापळा आहे, तो म्हणजे आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीची ही जत्रा बहुधा फेब्रुवारीच्या आसपास येते, पण तिची तारीख पंचांगातल्या तिथीवर ठरत नाही. ती गावात देवीच्या कौलाने ठरते आणि मग जाहीर होते. आंगणेवाडी मालवणपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. त्या शनिवार-रविवारी तुमची सहल आली तर रेल्वेचं तिकीट आणि मालवणातली खोली दोन्ही विसरा. जानेवारी-फेब्रुवारीचा बेत करताना जत्रेची तारीख आधी विचारून घ्या.

जाण्यायेण्याचा हिशेब

मुंबईहून अलिबाग रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. नकाशावर तीन तास दिसतात. लाँग वीकेंडच्या शनिवारी सकाळी त्याचे पाच होतात, कारण गोव्याकडे जाणारी आणि अलिबागकडे वळणारी सगळी वाहनं वडखळला एकत्र येतात. म्हणून मुंबईकरांनी पाण्याची वाट धरावी. गेटवेवरून कॅटामरानने मांडवा तासाभरात येतं आणि तिथून अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात असते. गाडी न्यायची असेल तर रो-रो. तिथे गाडीची जागा आधी ऑनलाइन घ्यावी लागते आणि सुटण्याच्या बऱ्याच आधी धक्क्यावर हजर राहावं लागतं. रो-रोने पायी जाणार असाल तर मांडव्यापुढच्या वाहनाचं आधीच विचारून ठेवा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे जाण्याचं तिकीट काढायचं आणि येण्याचं ‘बघू’ म्हणून सोडायचं. रविवारी किंवा सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारनंतर मांडव्याच्या जेट्टीवर रांग लागते आणि संध्याकाळच्या शेवटच्या फेऱ्या भरून जातात. परतीची वेळ आधी ठरवा, तीही दुपारी बारा-एकच्या आतली, आणि मग जाण्याची.

पुणेकरांना या बोटींचा उपयोग नाही. त्यांनी द्रुतगती मार्गाने खोपोली, तिथून पेण, वडखळ आणि पोयनाडवरून अलिबाग गाठावं. पहाटे पाचला निघालात तर वडखळ मोकळं मिळतं, आठला निघालात तर नाही.

मालवण मुंबईहून सुमारे पाचशे किलोमीटर. रस्त्याने जायचं तर माणगाव-इंदापूरपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो, पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यात चौपदरी रस्ता चांगला आहे. दहा-बारा तास धरावेत. तीन दिवसांच्या सुट्टीत येऊनजाऊन एवढं चालवणं म्हणजे सुट्टी स्टिअरिंगमागेच गेली. मुंबईकरांसाठी मालवण ही रेल्वेची सहल आहे. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी घेऊन सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून मालवण सुमारे तीस किलोमीटर. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, तिच्यासाठी कणकवली, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर जास्त. कुडाळ स्टेशन एसटी स्टँडपासून लांब आहे. सकाळी गाडी आली की रिक्षांवर झुंबड उडते, त्यामुळे राहण्याच्या ठिकाणाहूनच रिक्षा सांगून ठेवलेली बरी.

आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. जोडसुट्टीच्या गाड्या त्याच सकाळी भरतात, म्हणून तारीख मोजून ठेवा. तुतारीबाबत एक खबरदारी घ्या. ती दादरहून मध्यरात्री बारानंतर सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलेले लोक प्लॅटफॉर्मवर येतात तेव्हा त्यांची गाडी चोवीस तासांपूर्वी गेलेली असते. कुडाळपर्यंत वेटिंग दिसत असेल तर कोकणकन्येचं मडगावपर्यंतचं तिकीट पाहा. कोटा वेगळा असल्याने कधी कधी जागा निघते, आणि अलीकडे उतरायला हरकत नसते.

पुण्याहून मालवणला कोल्हापूरमार्गे घाट उतरून जायचं. करूळचा किंवा फोंड्याचा घाट सुरू आहे ना, हे निघायच्या आदल्या दिवशी बघावं. दरड आणि रस्त्याची कामं यांमुळे वाट बदलावी लागू शकते.

तिथी आणि ओहोटी

अलिबागचा बेत ठरवताना हॉटेलच्याही आधी कॅलेंडरमधली तिथी बघा. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला जुना हिशेब चांगला लागू पडतो. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि तिच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती आणि नऊ वाजता ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्यावी. पण दोन महिने आधी सुट्टी निवडायला एवढं गणित पुरे.

आता हे सुट्टीवर लावून पाहा. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. पाणी सर्वांत लांब हटतं, पण किल्ला नीट पाहायला उजेड नसतो, आणि भर दुपारी वाट पाण्याखाली असते. अष्टमीला ओहोटी ऐन बारा वाजता, पण त्या दिवसांत पाणी फारसं मागे जात नाही, वाटेत ओलं व्हावंच लागतं. तृतीया ते पंचमी हे दिवस सर्वांत सोयीचे. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ओहोटी, उन्हाच्या आत किल्ला पाहून परत.

ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी किनाऱ्यावरून निघावं आणि पाणी फिरल्यावर एक-दीड तासात परत यावं. भरतीचं पाणी सुरुवातीला हळू चढतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने. ‘अजून घोट्याएवढंच आहे’ म्हणून रेंगाळणारे नेमके तेव्हा अडकतात. खडकांवर शिंपले असतात, ते पाय कापतात, म्हणून पट्ट्याच्या सँडल घाला, स्लीपर नको. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात.

मालवणला किल्ल्यासाठी तिथीची चिंता नाही. स्कूबा करायचं असेल तर मात्र ती बघावी, आणि उलट्या कारणासाठी. अष्टमीच्या आसपास प्रवाह मंद असतो, पाणी कमी ढवळतं आणि खालचं स्पष्ट दिसतं. स्कूबा सकाळीच करा, दुपारी वारा चढतो. पोहता येत नसलं तरी चालतं. पण दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, गर्भारपण किंवा साधी सर्दीही असेल तर टाळा. परत विमानाने येणार असाल तर डुबकी आणि उड्डाण यांत किमान अठरा तास ठेवा. म्हणजे शेवटच्या दिवशी स्कूबा नकोच.

पाहायला काय जास्त

किल्ल्याचाच विचार केला तर सिंधुदुर्ग सरस, यात आम्हाला शंका नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाभरणी झाली. सुमारे ४८ एकरांचा विस्तार, पायात ओतलेलं शिसं, नागमोडी तटात असा लपवलेला दरवाजा की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आत शिवराजेश्वराचं मंदिर, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर गोडं पाणी मिळालं म्हणून किल्ला नांदू शकला, हे त्या विहिरींच्या काठावर उभं राहिल्यावर पटतं. आजही काही कुटुंबं आत राहतात. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत हा आहे.

अडचण वेळेची. होडीवाले किल्ल्यावर साधारण तासभर देतात. सगळा तट फिरायला तो अपुरा पडतो. चढतानाच ‘पुढच्या फेरीने परत आलो तर चालेल का’ हे विचारून घ्या. सुट्टीत सकाळी साडेनऊनंतर जेट्टीवर रांग वाढत जाते, पहिल्या फेऱ्यांत गेलात तर मंदिरही शांत मिळतं.

कुलाबा लहान आहे, पण एकट्या किल्ल्यावर अलिबाग संपत नाही. गावातच कान्होजी आंग्रे यांची समाधी आणि त्यांनी १७२० साली बांधलेला हिराकोट आहे. पुढे सतरा-अठरा किलोमीटरवर पोर्तुगीजांचा रेवदंड्याचा किल्ला, खाडीपलीकडे कोर्लईचा. इतिहासाची आवड असलेल्याला कोर्लईची चढण चुकवू देऊ नका. वरून खाडीचं तोंड आणि समुद्र एका नजरेत येतात आणि पोर्तुगीजांनी ही जागा का निवडली ते आपोआप कळतं. युनेस्कोच्या यादीतला खांदेरी किल्लाही अलिबागजवळच्या थळ गावासमोरच समुद्रात आहे, पण तिथे नियमित फेरी नसते. थळच्या मच्छीमारांची होडी ठरवावी लागते आणि समुद्र शांत हवा.

जंजिरा मात्र ‘अलिबागबरोबर जाता जाता’ होत नाही. अलिबागहून मुरूड सुमारे पन्नास किलोमीटर, वाटेत काशीदला गर्दी, मग राजपुरीला होडीची रांग. पूर्ण दिवस त्याचाच. दोन रात्रींच्या सहलीत कुलाबा आणि जंजिरा दोन्ही बसवायचे तर दुसरी रात्र मुरूडला काढा. जंजिऱ्याच्या दारात हलत्या होडीतून पायरीवर उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी ते अवघड आहे, त्यांच्यासाठी कुलाब्याची घोडागाडी बरी.

राहणं, खाणं

अलिबागला जोडसुट्टीत दर चढतात आणि पुष्कळ ठिकाणी दोन रात्रींची अट असते. नागाव-आक्षीकडची वाड्यांमधली घरगुती राहण्याची ठिकाणं कुटुंबाला सोयीची पडतात. मालवणला गावात राहायचं की तारकर्ली-देवबागला, हे आधी ठरवा. गावातून जेट्टी आणि बाजार चालत, तारकर्लीहून समुद्र चालत पण किल्ल्यासाठी सहा-सात किलोमीटर. देवबागचा रस्ता अरुंद आहे, गर्दीच्या दुपारी तिथे गाड्या अडकतात.

जेवण्यासाठी कुठेही जा, पण मालवणला घरगुती खानावळीत दुपारचं ताट सकाळीच सांगून ठेवा. अडीचनंतर गेलात तर सुरमई संपलेली असते आणि बांगड्यावर भागवावं लागतं. रोख पैसे जवळ ठेवा. होडी, घोडागाडी आणि खानावळ, तिन्हीकडे नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

लहान मूल, वयस्कर आईवडील आणि दोनच रात्री, असं असेल तर दुसरा विचार न करता अलिबाग, तेही शक्यतो चतुर्थीच्या आसपासची सुट्टी पाहून. तीन रात्री आहेत, कोकणकन्येचं तिकीट पक्कं झालंय आणि महिना ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा आहे, तर मालवण. तिकीट वेटिंगवर असताना मालवणच्या खोलीचे पैसे भरू नका. आरक्षण उघडण्याच्या दिवशी आधी रेल्वे, ती पक्की झाली की त्याच तासात खोली.